‘कमिटमेंट’ या एका शब्दात काय काय सोपवलेलं असतं

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गातली एक मुलगी हिंजवडीला मुलाखत देऊन आली. वर्ग नारायण पेठेत भरतो, मुलं बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेली, सासवड, बारामती, जुन्नरकडून पुण्यात आलेली. ही मुलगी अभ्यासाला चोख. तांत्रिक प्रश्नांची उत्तरं तिने धडाधड दिली. अगदी शेवटी समोरच्या बाईंनी विचारलं, “डू यू हॅव एनी अदर कमिटमेंट्स?” हिने ताठ बसून सांगितलं, “येस मॅडम, आय ॲम फुल्ली कमिटेड.” बाई क्षणभर थांबल्या. “नो, आय मीन, एनी अदर कमिटमेंट्स?” हिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्या आवाजात. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मुलाखत संपली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात लवकर आली आणि म्हणाली, “मॅडम, माझं काय चुकलं?”

व्याकरण तर कुठेच चुकलं नव्हतं. बाई विचारत होत्या की दुसरीकडे कुठे होकार दिला आहेस का, एखादी परीक्षा आहे का, घरी काही ठरलंय का. हिला वाटलं, माझ्या निष्ठेबद्दल शंका घेतायत. तिची वही मी उघडून पाहिली. शब्दार्थांच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘कमिटमेंट – बांधिलकी’. एवढंच.

अर्थ चुकीचा नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. ‘तुमच्या आणखी काही बांधिलक्या आहेत का?’ असं मराठीत कोणी विचारत नाही. आपण म्हणतो, ‘आणखी कुठे अडकलेली नाहीस ना?’ किंवा ‘दुसरीकडे कुठे शब्द दिलायस का?’ त्या मुलीला हे मराठीत विचारलं असतं तर तिने एका वाक्यात उत्तर दिलं असतं. त्या संध्याकाळी ठरवलेला धडा बाजूला ठेवून मी दीड तास या एकाच शब्दावर बोलले. तेच इथे थोडं विस्ताराने लिहिते आहे, कारण हा शब्द आता पाहुणा राहिलेला नाही. बिल्डर, केटरर, बँक, ऑफिसातले साहेब, कॉलेजातली मुलं, सगळ्यांच्या तोंडी तो आहे आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे.

मुळापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये ‘मिट्टेरे’ असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ पाठवणे, सोडणे. मिशन, मिसाइल, ट्रान्समिट, डिसमिस, परमिशन ही सगळी त्याचीच लेकरं. प्रत्येकात काहीतरी कुठूनतरी सुटतं, पाठवलं जातं किंवा जाऊ दिलं जातं. ‘प्रॉमिस’सुद्धा त्याच घरातलं. ‘प्रो’ म्हणजे पुढे, म्हणून प्रॉमिस म्हणजे पुढे पाठवलेला शब्द. ‘कॉम’ म्हणजे सोबत, एकत्र. ‘कॉम’ आणि ‘मिट्टेरे’ मिळून ‘कॉमिट्टेरे’ झालं आणि लॅटिनमध्येच त्याला बरेच अर्थ चिकटले: जोडणे, समोरासमोर आणणे, सोपवणे, आणि एखादं कृत्य करून बसणे.

आपल्या सोसायटीची ‘कमिटी’ही इथलीच. कमिटी म्हणजे ज्यांच्याकडे काम सोपवलं आहे ते लोक. गंमत अशी की आपला ‘समिती’ हा शब्द दुसऱ्याच बाजूने येतो. त्यात ‘सम्’ आणि ‘जाणे’ या अर्थाचा धातू आहे, म्हणजे एकत्र जमलेले लोक. इंग्रजीने काम सोपवलं याकडे पाहिलं, संस्कृतने माणसं जमली याकडे. दोन्ही गोष्टी एकाच मीटिंगमध्ये व्हाव्यात, हे सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला मनापासून वाटत असेल.

तर ‘सोपवणे’ ही या शब्दाची किल्ली. ‘बांधिलकी’ म्हटलं की डोळ्यांसमोर दोर येतो, गाठ येते. ‘कमिट’ म्हटलं की हात रिकामा होताना दिसायला हवा. जे आतापर्यंत फक्त माझ्या हातात होतं ते मी सोडलं, आणि आता परत घेणं माझ्या एकटीच्या मर्जीवर राहिलं नाही. या शब्दाचे जवळजवळ सगळे वापर या एका चित्रातून उलगडतात असा माझा अनुभव आहे.

जुने वापर आधी पाहा. ‘कमिट टू मेमरी’ म्हणजे स्मरणाच्या स्वाधीन करणे, आपल्या भाषेत पाठ करणे. ‘कमिट टू पेपर’ म्हणजे कागदावर उतरवणे. ‘कमिट टू द फ्लेम्स’ म्हणजे अग्नीच्या स्वाधीन करणे. ‘कमिट टू प्रिझन’ म्हणजे तुरुंगात पाठवणे. वाचताना ‘कमिट’नंतर वस्तू किंवा माणूस आणि मग ‘टू’ दिसलं की तिथे ‘स्वाधीन करणे’, ‘सोपवणे’, ‘सुपूर्द करणे’ यांपैकी एक लावून बघा. बहुधा लागतं.

शिवाजीनगरच्या कोर्टात हा अर्थ आजही रोज वापरात आहे. खुनासारखे गंभीर गुन्हे फक्त सत्र न्यायालय चालवू शकतं, पण प्रकरण आधी दंडाधिकाऱ्यांसमोर येतं. ते मग खटला सत्र न्यायालयाकडे सोपवतात. या सोपवण्याला कायद्यात ‘कमिटमेंट’ म्हणतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २०९ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम २३२ आहे. ‘केस कमिट झाली’ असं वकिलाने सांगितलं तर आरोपीने काही कबूल केलं असं समजू नका. खटल्याची कागदपत्रं वरच्या कोर्टाकडे गेली, एवढाच त्याचा अर्थ.

आता ‘कमिट अ क्राइम’. इथे मुलं हमखास गोंधळतात. चांगल्या गोष्टीला कमिटेड असणं आणि गुन्हा कमिट करणं, एकच शब्द कसा? मराठीत आपल्याकडे एक फार नेमका प्रयोग आहे: ‘करून बसणे’. ‘चूक केली’ आणि ‘चूक करून बसला’ यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात आता मागे फिरता येत नाही याची जाणीव आहे. ‘कमिट’ गुन्ह्याला, पापाला, चुकीला लागतं ते याच अर्थाने. म्हणूनच चांगल्या कामाला ते असं थेट लागत नाही. ‘ही कमिटेड अ गुड डीड’ असं इंग्रजीत म्हणत नाहीत.

याच कारणाने एक जुना वापर आता जाणीवपूर्वक सोडला जातोय. आत्महत्येसाठी इंग्रजीत ‘कमिट सुइसाइड’ म्हणत, कारण ती गुन्हा मानली जायची. इंग्लंडमध्ये १९६१ च्या कायद्याने ती गुन्हा राहिली नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं. कायदा बदलला तरी शब्दात गुन्ह्याचा वास उरतो, म्हणून आता ‘डाइड बाय सुइसाइड’ लिहिण्याकडे कल आहे. मला हा बदल योग्य वाटतो. मागे राहिलेल्या आईवडिलांना बातमीतला प्रत्येक शब्द टोचत असतो.

कमिटमेंटचा जो अर्थ आपण सगळ्यात जास्त वापरतो, म्हणजे स्वतःला एखाद्या गोष्टीला वाहून घेणं किंवा शब्द देऊन अडकवून घेणं, तो यानंतरचा. आधी आपण वस्तू सोपवत होतो, माणसं सोपवत होतो. इथे स्वतःलाच सोपवतो. इंग्रजीत ‘आय कान्ट कमिट मायसेल्फ’ असं म्हणतात त्यातलं ‘मायसेल्फ’ हेच सांगतं. ‘मी आत्ताच स्वतःला अडकवून घेऊ शकत नाही’ हे त्याचं सरळ मराठी.

हे चित्र मुलांना पटवायला मी घरातल्या पूजेचं उदाहरण देते. सत्यनारायण असो की गणपतीची प्राणप्रतिष्ठा, गुरुजी आधी संकल्प सांगायला लावतात. पुण्यात बसलेले आपण ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतो, म्हणजे आधी जागा पक्की. मग शक, संवत्सर, महिना, तिथी, वार, म्हणजे वेळ पक्की. मग गोत्र आणि नाव, म्हणजे माणूस पक्का. मग काय करणार ते, आणि शेवटी ‘करिष्ये’. मी करीन. त्या शब्दाबरोबर उजव्या हाताच्या बोटांवरून पाणी ताम्हनात सोडायचं. लहानपणी मला ते पळीभर पाणी खाली पडताना बघायला फार आवडायचं. आता लक्षात येतं की तो सगळा विधी एकच गोष्ट करतो: मनातला बेत मनात ठेवत नाही. कुणी, कुठे, केव्हा, काय, हे मोठ्याने सांगायचं आणि हातातलं पाणी सोडायचं. सोडलेलं पाणी ओंजळीत परत येत नाही. ‘मिट्टेरे’मधलं ‘सोडणे’ ते हेच. ‘त्या पैशांवर पाणी सोड’ असं आपण म्हणतो तेव्हा तीच कृती उलट्या बाजूने वापरतो. आता ते आपलं नाही.

दुसरं उदाहरण सिंहगडाचं. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले, मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने गड चढायचे दोर कापून टाकले असं परंपरेने सांगितलं जातं. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार आपण त्याच चित्रातून समजतो. अर्थशास्त्रात यावर खोल विचार झाला आहे. थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की स्वतःची पळवाट स्वतः बंद केली की माणसाची बाजू उलट मजबूत होते, कारण समोरच्याला कळतं की हा आता मागे हटणार नाही. अर्थशास्त्राचे लोक याला ‘कमिटमेंट’च म्हणतात. शेलिंग यांना २००५ चं नोबेल मिळालं. दोर कापलेल्या मावळ्यांना ही गोष्ट पुस्तक न वाचता कळली होती. म्हणून ‘ही इज नाउ कमिटेड’ या वाक्याचं चांगलं मराठी कधीकधी ‘त्याने आता परतीचे दोर कापलेत’ असं होतं, विशेषतः राजकारणाच्या बातमीत.

संगणकाच्या क्षेत्रात हा अर्थ इतका लख्ख झाला आहे की मी आता तिथूनच शिकवायला सुरुवात करते. समजा तुमच्या खात्यातून भावाच्या खात्यात ५,००० रुपये जायचेत. बँकेच्या संगणकाला दोन कामं करायची आहेत: तुमच्या खात्यातून पाच हजार वजा आणि त्याच्या खात्यात जमा. वजा झाले आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर? पैसे तुमच्याकडेही नाहीत आणि त्याच्याकडेही नाहीत. असं होऊ नये म्हणून ही दोन्ही कामं एकाच व्यवहाराच्या पोटात ठेवतात. दोन्ही नीट झाली की शेवटी एक आज्ञा दिली जाते, ‘कमिट’. त्या क्षणाआधी काही बिघडलं तर ‘रोलबॅक’, म्हणजे काहीच झालं नाही असं समजून मूळ जागी परत. ‘कमिट’ झाल्यावर मात्र वीज गेली तरी नोंद टिकलीच पाहिजे. अर्धवट अवस्था चालत नाही. ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘जवळजवळ झालंय’ यांना तिथे थाराच नाही.

प्रोग्रॅम लिहिणारी मुलं ‘गिट’ वापरतात. हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलं. त्यात लिहिलेल्या कोडमध्ये बदल केले की ते नुसते फाइलमध्ये असतात. ‘कमिट’ केल्यावर ते इतिहासात नोंदले जातात, कोणी केले, केव्हा केले आणि का केले या संदेशासकट. म्हणजे पुन्हा संकल्पाचीच वही: नाव, वेळ, काम. एक बारकावा लक्षात ठेवा. गिटमध्ये कमिट केलं म्हणजे सहकाऱ्यांना मिळालं असं होत नाही. ते अजून तुमच्याच यंत्रावर असतं. त्यांच्यापर्यंत पोचवायला ‘पुश’ करावं लागतं. नव्या नोकरीतल्या पहिल्याच आठवड्यात ‘कमिट केलंय’ म्हणून घरी गेलेली मुलं मला माहीत आहेत, आणि सकाळी साहेब शोधत बसले होते हेही.

पैशाच्या व्यवहारातही तेच चित्र. ‘फायनान्शियल कमिटमेंट्स’ म्हणजे पगार हातात यायच्या आधीच ज्यांना सांगून ठेवलंय ते पैसे: घराचा हप्ता, शाळेची फी, आईच्या औषधांचा खर्च, भिशी. खात्यात दिसतात, पण मोकळे नाहीत. व्यवसाय करणाऱ्यांना बँकेच्या कागदावर ‘कमिटमेंट चार्जेस’ असाही शब्द भेटतो. दहा लाखांची मर्यादा मंजूर झाली आणि तुम्ही सहाच लाख उचलले, तर उरलेल्या चार लाखांवर काही बँका थोडं शुल्क लावतात. लोक चिडतात, की न वापरलेल्या पैशाचं शुल्क कसलं? बँकेचं म्हणणं असं की ते चार लाख तुमच्यासाठी राखून ठेवले आहेत, तुम्ही मागाल तेव्हा द्यायला आम्ही बांधील आहोत. शुल्क त्या बांधील राहण्याचं. व्याज उचललेल्या पैशावर, कमिटमेंट चार्ज न उचललेल्यावर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता आपल्या रोजच्या मराठीतलं ‘कमिट करणे’. ‘बिल्डरने मला दिवाळीचं कमिट केलंय’ हे वाक्य पुण्यात सर्रास ऐकू येतं. मराठीत ते चालतं, रुळलंय, त्याला माझी हरकत नाही. घोळ होतो तो हेच वाक्य इंग्रजीत नेल्यावर. ‘ही कमिटेड मी दॅट...’ असं मुलं बोलतात आणि ईमेलमध्ये लिहितात. इंग्रजीत ‘कमिट’नंतर थेट माणूस आला की वाक्य जुन्या अर्थाकडे वळतं: त्याने मला कुठेतरी पाठवलं, डांबलं! येरवड्याच्या मनोरुग्णालयात किंवा शेजारच्या तुरुंगात धाडलं असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. तिथे ‘ही प्रॉमिस्ड मी’ किंवा ‘ही अशुअर्ड मी’ म्हणायचं. आणि कमिटच वापरायचं असेल तर ‘ही कमिटेड टू गिव्हिंग पझेशन बाय दिवाळी’.

इथे ‘टू’नंतर ‘गिव्हिंग’ का, ‘गिव्ह’ का नाही, हा पुढचा प्रश्न. ‘आय वॉन्ट टू गो’मधला ‘टू’ क्रियापदाचा जोडीदार आहे. ‘कमिटेड टू’मधला ‘टू’ म्हणजे आपला ‘ला’ किंवा ‘शी’ हा प्रत्यय. पडताळा सोपा आहे: त्यापुढे नुसतं नाम ठेवून बघा. ‘कमिटेड टू क्वालिटी’ चालतं, म्हणजे हा प्रत्ययवाला ‘टू’. मग क्रियापद आणायचं असेल तर त्याचं नाम करून आणावं लागतं, ‘करणं’, ‘देणं’, ‘सुधारणं’ असं. इंग्रजीत त्यासाठी ‘इंग’ लागतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’मध्येही हाच ‘टू’ आहे. ‘कमिटेड टू डू’ असंही कुठेकुठे छापलेलं दिसेल, पण अर्जात आणि मुलाखतीत ‘इंग’वाला रस्ता निर्धोक.

जोडीची क्रियापदंही पाठ करून ठेवावीत. कमिटमेंट ‘मेक’ करतात आणि ‘ऑनर’ किंवा ‘मीट’ करतात. आपण मराठीत शब्द ‘देतो’ म्हणून तोंडातून ‘गिव्ह कमिटमेंट’ निघतं. ‘मेक अ कमिटमेंट’ जास्त शुद्ध. स्पेलिंगमध्ये दोन ‘एम’ कायम. ‘टी’चा मात्र हिशेब आहे: ‘कमिटमेंट’मध्ये एक, ‘कमिटेड’, ‘कमिटिंग’ आणि ‘कमिटी’मध्ये दोन. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की ‘टी’ दुप्पट होतो. ‘मेंट’ व्यंजनाने सुरू होतो म्हणून एकावर भागतं. अप्पा बळवंत चौकात छापून मिळणाऱ्या तयार बायोडेटाच्या नमुन्यांतही मी हा शब्द चुकीचा पाहिला आहे, तेव्हा नमुन्यावर विसंबू नका.

बिल्डरचा विषय निघालाच आहे तर एक कामाची गोष्ट. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ‘प्रॉमिस’, ‘ॲग्रीमेंट’ आणि ‘कॉन्ट्रॅक्ट’ यांच्या व्याख्या पायरीपायरीने दिल्या आहेत. प्रस्ताव स्वीकारला की वचन, एकमेकांना मोबदला ठरणारी वचनं म्हणजे ॲग्रीमेंट, आणि कायद्याने अंमल करून घेता येईल असं ॲग्रीमेंट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. ‘कमिटमेंट’ची व्याख्या तिथे नाही. त्यामुळे साइट ऑफिसमध्ये चहा पाजून कोणी ‘कमिटमेंट देतो’ म्हणालं तर तो शब्द वरच्या कुठल्या पायरीवर उभा आहे हे आपणच विचारायचं. घराच्या बाबतीत आता आधार आहे: २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे करारात लिहिलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहकाला बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा थांबून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. पण ती तारीख करारातली हवी. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने तोंडी तारखेवर भाड्याचं घर सोडलं आणि पुढचे आठ महिने नातेवाइकांकडे काढले.

याउलट आमच्या गल्लीतले शिंपीकाका. ब्लाउज टाकायला गेलं की विचारतात, “कधी हवंय?” आपण शनिवार म्हटलं की वहीचं पान उलटतात, बोटाने ओळी मोजतात. मग दोनपैकी एक उत्तर येतं. “प्रयत्न करतो,” किंवा “शनिवारी सातनंतर या.” पहिलं उत्तर मिळालं तर मी दुसरी साडी काढून ठेवते. दुसरं मिळालं तर शनिवारी सातला ब्लाउज बटणासकट तयार असतो. ‘कमिटमेंट’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारलेला मी ऐकला नाही. ‘एफर्ट’ आणि ‘कमिटमेंट’ यांतला फरक मात्र माझ्या वर्गातल्या मुलांना मी त्यांच्याच दोन उत्तरांवरून समजावते.

आणि या दोन उत्तरांच्या मधलं तिसरं, ‘बघू’. इंग्रजीत याला ‘नॉन-कमिटल’ म्हणतात: हो नाही, नाहीही नाही. ‘पसंती कळवतो’, ‘जमलं तर येतो’, ‘तुमचं नाव लक्षात ठेवलंय’. वाचताना ‘ही वॉज नॉन-कमिटल’ दिसलं की ‘त्याने ताकास तूर लागू दिला नाही’ असं खुशाल समजा.

तरुण मुलांच्या बोलण्यात ‘ती कमिटेड आहे’ म्हणजे तिचं कुणाशी तरी जमलंय. इंग्रजीतल्या ‘कमिटेड रिलेशनशिप’चा हा तुकडा. रॉबर्ट स्टर्नबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रेमाचे तीन घटक मांडले: जवळीक, ओढ आणि कमिटमेंट. तिसऱ्याचे पुन्हा दोन भाग, आज ‘माझं प्रेम आहे’ असं ठरवणं आणि पुढे ते टिकवायचं असं ठरवणं. म्हणजे या मांडणीत कमिटमेंट ही भावना कमी आणि निर्णय जास्त.

नोकरीतल्या कमिटमेंटबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ‘एम्प्लॉयी कमिटमेंट’ म्हणून कंपन्या प्रश्नावल्या भरून घेतात आणि मुलांना वाटतं इथे फक्त निष्ठा दाखवायची. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये याची तीन कारणं वेगळी केली. एक, इथे राहावंसं वाटतं. दोन, सोडलं तर परवडणार नाही. तीन, सोडणं बरं दिसणार नाही. तिन्ही माणसं सकाळी नऊला त्याच बसमधून उतरतात आणि बाहेरून सारखीच दिसतात. पहिला स्वतःहून काम शोधतो, दुसरा हप्ते संपायची वाट बघतो, तिसऱ्याला आजारी असताना साहेबांनी केलेली मदत आठवते. तिघांनाही ‘कमिटेड’ म्हणता येतं, पण मराठीत मी तिघांसाठी तीन शब्द वापरीन: जीव लावलेला, अडकलेला, ऋणात असलेला. एका शब्दाला एक शब्द हा हट्ट सोडला की आपली भाषा किती बारीक बघते ते दिसतं.

आता मराठी प्रतिशब्दांचं. ‘बांधिलकी’ तत्त्वासाठी, समाजासाठी, लेखकाच्या किंवा कार्यकर्त्याच्या भूमिकेसाठी छान. ‘वचनबद्ध’ तेव्हाच, जेव्हा कुणालातरी खरंच वचन दिलंय. ‘कटिबद्ध’ म्हणजे कंबर बांधलेला, कामाला सज्ज. फ्लेक्सवर हा शब्द इतका झिजलाय की मी भाषांतरात तो टाळते आणि ‘आम्ही हे करणारच’ असं लिहिते. ‘प्रायर कमिटमेंट’ला ‘आधी ठरलेलं काम’. आणि जिथे माणसाच्या बोलण्याची किंमत सांगायची आहे तिथे ‘शब्द’. या एका शब्दाभोवती मराठीने केवढा संसार मांडलाय! शब्द देतात, पाळतात, मोडतात, फिरवतात, शब्दाला जागतात, आणि दुसऱ्यासाठी शब्द टाकतातही. ‘ही इज अ मॅन ऑफ कमिटमेंट’ला ‘शब्दाचा पक्का माणूस’ इतकं सरळ दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पुण्याच्या इतिहासात या शब्दाचा एक असा नमुना आहे जो मी कधीच वगळत नाही. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, दुसऱ्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. संस्थेच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवायचं असं स्वीकारलं होतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या चरित्रांत ही रक्कम दरमहा ७५ रुपये दिलेली आढळते. किती वर्षं आणि किती पैशांत, दोन्ही ठरलेलं. तरी वाद झालाच, आणि तो नेमका व्याप्तीवरून झाला: आजीव सदस्याने बाहेर दुसरं काम करावं का, बाहेरची कमाई घ्यावी का? सगळा वेळ संस्थेचा की शिकवण्याचे तास तेवढे? इतर मतभेदांबरोबर हाही मुद्दा तापत गेला आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. गोखल्यांनी जवळपास पूर्ण मुदत शिकवलं आणि पुढे १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्यांना घ्यायच्या प्रतिज्ञा सातच, पण शब्दांत बांधलेल्या होत्या. स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही, हेही त्यांत स्पष्ट लिहिलेलं.

हे ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “मग मॅडम, मुलाखतीत ‘एनी अदर कमिटमेंट्स’ विचारलं तर व्याप्तीसुद्धा सांगायची का?” सांगायचीच. काय, केव्हा आणि किती, एवढं पुरे. त्या मुलीने फळ्यावर येऊन स्वतःचं उत्तर लिहिलं आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं: “आय हॅव अ कॉम्प्युटर क्लास ऑन संडे मॉर्निंग्ज टिल मार्च. अपार्ट फ्रॉम दॅट, नो अदर कमिटमेंट्स.” ‘कमिटमेंट्स’मधला जास्तीचा ‘टी’ तिने आपणहूनच पुसला.